महामारीने दिलेला धडा : आत्महत्या कशा रोखता येतात?



८ सप्टेंबरला आपण पवित्र मारियेचा जन्मोत्सव साजरा करतो. नोव्हेनाचे नऊ दिवस, वेदीपुढची फुले, गायकवृंदाचा सराव ह्या सगळ्यात आपण गुंतलेले असतो. त्यानंतर दोनच दिवसांनी, १० सप्टेंबरला, आणखी एक दिवस येतो. त्याची नोंद आपल्या घरच्या कॅलेंडरवर सहसा नसते. २००३ सालापासून हा दिवस जगभर ‘आत्महत्या प्रतिबंध दिन’ म्हणून पाळला जातो. ‘ह्या विषयावर आपल्या पत्रिकेसाठी अभ्यासलेख लिहा,’ असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. रविवारी मिस्सा संपवून हातात पत्रिका घेऊन घरी जाणाऱ्या माणसांना हा विषय कशाला, असे वाटले. मग एक जुनी गोष्ट आठवली आणि लिहायला बसलो.

२०२० च्या जुलै महिन्यात दुधाच्या रांगेत ओळखीचे एक गृहस्थ भेटले. दोघांच्या तोंडावर मास्क, मध्ये चार हातांचे अंतर. त्यांचे काम सुटून तीन महिने झाले होते. बोलता बोलता ते म्हणाले, “सर, आता घरच्यांवर ओझं होऊन राहण्यात काय अर्थ आहे?” मी म्हणालो, “असं बोलू नये. देवावर भरवसा ठेवा.” आणि दुधाची पिशवी घेऊन घरी आलो. तीन आठवड्यांनी कळले की ते इस्पितळात आहेत. देवाच्या कृपेने वाचले. पुढे वर्षभराने आम्ही निवांत बसलो असताना ते मला म्हणाले, “सर, त्या दिवशी तुम्ही थांबला असता तर मी सांगितलं असतं.” हे मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही, तेव्हा वाचकांनी कृपया तर्क लढवत बसू नये.

मी काय विचारायला हवे होते? आणि विचारले असते तर खरोखर काही फरक पडला असता का? ह्या प्रश्नांवर जगात पुष्कळ संशोधन झाले आहे. महामारीच्या काळात तर त्याला फार वेग आला.

भीती काय होती आणि घडले काय

मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महामारी जाहीर केली, तेव्हाच तज्ज्ञांना आत्महत्यांची चिंता वाटू लागली. ह्या चिंतेला मागचा अनुभव होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेत आत्महत्या वाढल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले होते. २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये सार्स रोगाची साथ आली, तेव्हा तेथील वृद्धांमध्ये, विशेषतः वृद्ध स्त्रियांमध्ये, आत्महत्यांचे प्रमाण वाढले. संशोधकांनी त्यामागची कारणे शोधली, तेव्हा रोगाच्या भीतीबरोबर दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली म्हणजे माणसांपासून तुटणे. दुसरी म्हणजे आपण मुलाबाळांवर भार झालो आहोत ही भावना. दुधाच्या रांगेत मी ऐकलेला शब्द हाच होता : ओझे.

एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाचे डेव्हिड गनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ ह्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याच सुमारास अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन एक गट बनवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : आत्महत्या वाढतीलच असे नाही, मात्र वाढू नयेत म्हणून आतापासून कामाला लागले पाहिजे. बुडालेला रोजगार, घरात कोंडलेली भांडणे, दारू, अखेरचा निरोपही न देता आलेली प्रियजनांची मरणे, रुग्णालयात जाण्याची भीती आणि वर्तमानपत्रांतील भडक बातम्या, ह्या प्रत्येक बाबतीत काय करता येईल हे त्यांनी मांडले. दुसरीकडे काही जणांनी बेकारीच्या आकड्यांवरून गणिते मांडून आत्महत्या किती वाढतील ह्याची भाकितेही केली. कॅनडाबद्दलचे असे भाकीत गाजले.

प्रत्यक्षात काय झाले? मेलबर्न विद्यापीठाच्या जेन पर्किस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ देशांतील आकडे गोळा केले. त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एप्रिल ते जुलै २०२० ह्या पहिल्या चार महिन्यांत ह्यातील बहुतेक ठिकाणी आत्महत्या वाढल्या नाहीत, काही ठिकाणी तर अपेक्षेपेक्षा कमी झाल्या. ज्या कॅनडाबद्दल भाकीत केले होते, तेथेही पहिल्या वर्षात प्रमाण घटलेच.

असे का झाले असावे? अनेक देशांच्या सरकारांनी लोकांच्या हातात थेट पैसे दिले, समुपदेशनाच्या सोयी वाढवल्या, आणि संकटाच्या सुरुवातीला माणसे एकमेकांना धरून राहिली. युद्धे आणि मोठ्या आपत्तींमध्येही हे दिसून आले आहे. आपल्याकडचे ते दिवस आठवा. आळीतील मुले वृद्धांची औषधे आणून देत होती, कुणाच्या घरी तांदूळ आहेत की नाहीत ह्याची चौकशी होत होती. जी माणसे एरवी एकमेकांच्या कुंपणावरून भांडत, ती त्याच कुंपणावरून भाजी देत होती.

पण हा अभ्यास मुख्यतः श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा होता आणि पहिल्या काही महिन्यांचा होता. पुढची गोष्ट जपानने दाखवली. तेथे फेब्रुवारी ते जून २०२० ह्या पाच महिन्यांत आत्महत्यांचे मासिक प्रमाण १४ टक्क्यांनी उतरले. जुलै ते ऑक्टोबर ह्या दुसऱ्या लाटेत मात्र ते १६ टक्क्यांनी चढले. स्त्रियांमध्ये ही वाढ ३७ टक्के आणि मुलांमध्ये व किशोरवयीनांमध्ये ४९ टक्के होती. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये आत्महत्या केलेल्या स्त्रियांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा ८० टक्क्यांहून अधिक होती. दुकाने, हॉटेले, हंगामी कामे ह्यांत स्त्रियाच जास्त, म्हणून काम आधी त्यांचे गेले. घरात सगळे दिवसभर राहू लागले, त्यामुळे घरातले कामही त्यांच्याच अंगावर वाढले. त्याच महिन्यांत काही लोकप्रिय कलावंतांच्या आत्महत्येच्या बातम्या सतत झळकत होत्या, त्याचाही परिणाम झाला असे तेथील जाणकारांचे मत आहे.

म्हणजे संकट नवे असते तेव्हा सगळे धावून येतात, आणि ते जुने होऊ लागते तेव्हा प्रत्येक जण आपापल्या घरी परततो. धोका ह्या दुसऱ्या काळात अधिक.

आपल्या देशाचे आकडे

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी हे आकडे प्रसिद्ध करतो. २०१९ मध्ये १,३९,१२३ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद झाली. २०२० मध्ये ही संख्या १,५३,०५२ झाली आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. दोन वर्षांत सुमारे १८ टक्के वाढ. लाटा ओसरल्यावर तरी आकडा खाली यावा, पण २०२२ मध्ये तो १,७०,९२४ वर गेला. महाराष्ट्रात २०२० साली १९,९०९ आणि २०२१ साली २२,२०७ नोंदी झाल्या. सर्व राज्यांत सर्वाधिक आपल्याच राज्यात, हे दुःखाने लिहावे लागते. २०२१ मध्ये देशात आत्महत्या केलेल्यांपैकी ४२,००४ जण रोजंदारीवर काम करणारे होते. म्हणजे चारांत एक! २३,१७९ गृहिणी होत्या आणि १३,०८९ विद्यार्थी. कारणांमध्ये ‘कौटुंबिक समस्या’ सर्वांत वर, सुमारे एक तृतीयांश. त्याखालोखाल आजारपण.

पोलिसांच्या वहीत येणारा आकडाही पूर्ण नसतो. २०१० साली भारतात प्रत्यक्षात सुमारे १,८७,००० जणांनी आत्महत्या केल्या असाव्यात, असा अंदाज २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांडला होता. नोंदलेला आकडा त्याहून पुष्कळच कमी होता. लाजेपोटी, पोलिसांच्या भीतीपोटी मरणाचे कारण वेगळे लिहिले जाते.

येथे आपल्या काथलिकांसाठी एक टोचणारी माहिती आहे. एमिल दुर्खीम ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली आत्महत्येवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात लिहिले की प्रॉटेस्टंटांपेक्षा काथलिकांमध्ये आत्महत्या कमी होतात, कारण काथलिक समाज अधिक घट्ट बांधलेला असतो. आपल्याला बरे वाटावे असेच हे वाक्य! परंतु १९९६ मध्ये दोन संशोधकांनी नेदरलँड्समधील जुन्या मृत्युनोंदी तपासल्या. काथलिकांमध्ये आत्महत्येच्या नोंदी कमी होत्या खऱ्या, पण ‘अचानक मृत्यू’ आणि ‘कारण अज्ञात’ ह्या रकान्यांत काथलिकांचीच संख्या जास्त होती. ते मरत होतेच, फक्त त्यांचे मरण दुसऱ्या नावाने लिहिले जात होते.

का लपवत असतील? त्याला ख्रिस्तसभेचा जुना नियमही एक कारण होता. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यानुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून अशा गोष्टी ऐकलेले काही जण अजून आहेत. १९८३ च्या नव्या कायद्यात ही बंदी राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात जीवन ही देवाची देणगी आहे आणि ती संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही शिकवण कायम आहे. परंतु तीव्र मानसिक विकार, असह्य वेदना किंवा भय ह्यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही तेथे स्पष्ट केले आहे. अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल आपण निराश होऊ नये, देवाला त्याचे मार्ग ठाऊक आहेत, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असेही तेथे सांगितले आहे. हे चाळीसेक वर्षांचे पाणी अजून आपल्या सर्व घरांपर्यंत पोहोचलेले नाही. मयताच्या घरी बसून ‘ह्याला मिस्सा मिळणार का?’ अशी कुजबुज करणारे मी स्वतः ऐकले आहेत. आत, भिंतीच्या पलीकडे, त्या माणसाची आई बसलेली असते.

विचारल्याने मनात विचार येतो का?

नाही. ही समजूत सगळ्यांत खोलवर रुजलेली आहे, म्हणून हे आधीच सांगतो. ‘तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे विचारले तर नसलेला विचार भरवला जाईल, असे आपल्याला वाटते. न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना हा प्रश्न विचारला, उरलेल्यांना विचारला नाही. ज्यांना विचारले त्यांचा त्रास वाढला नाही. उलट जी मुले आधीपासून खचलेली होती, त्यांना थोडे हलके वाटल्याचे दिसले. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये घेण्यात आला, त्याचाही निष्कर्ष हाच. तेव्हा आडवळणाने नव्हे, सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्यावर मात्र गप्प बसून ऐकावे. ‘असं बोलू नये’ हे माझे उत्तर म्हणजे दार उघडायला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावण्यासारखे होते.

ऐकण्याचे बळ कसे असते, ह्याची एक गोष्ट आहे. चॅड व्हाराह नावाचे अँग्लिकन धर्मगुरू होते. १९३५ मध्ये त्यांनी केलेला पहिलाच अंत्यविधी १४ वर्षांच्या एका मुलीचा होता. पाळी सुरू झाली तेव्हा आपल्याला गुप्तरोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिला कुणी नव्हते. १९५३ मध्ये लंडनमधील आपल्या चर्चमध्ये त्यांनी अशा लोकांसाठी टेलिफोन आणि भेटीची सोय केली. लोक येऊ लागले, रांग लागली. रांगेतल्या लोकांना चहा देण्यासाठी चर्चमधील स्वयंसेवक बसू लागले. थोड्याच दिवसांत व्हाराह ह्यांच्या लक्षात आले की चहा पीत त्या साध्या माणसांशी बोलल्यावर पुष्कळ जण धर्मगुरूंना न भेटताच समाधानाने घरी जात आहेत. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी ते काम त्या चहावाल्यांच्याच हाती सोपवले. चांगल्या शोमरोनीच्या नावाने चालणारी ही ‘समॅरिटन्स’ संस्था आज जगाला माहीत आहे. शोमरोनी तरी कोण होता? वैद्य नव्हता, लेवी नव्हता. तो फक्त थांबला.

एकदा विचारून भागत नाही, पुन्हा जावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला, त्यात आपले चेन्नई शहर होते. तेथे डॉ. लक्ष्मी विजयकुमार ह्यांनी १९८६ पासून ‘स्नेहा’ ही संस्था चालवून ह्या कामाचा पाया घातला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय तासभर समजावून सांगितले आणि पुढील १८ महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन चौकशी केली. इतकेच. २००८ मध्ये निष्कर्ष आला : पहिल्या गटात आत्महत्येने मरण पावलेले २.२ टक्के, दुसऱ्या गटात ०.२ टक्के.

त्याही आधी सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. जेरोम मोटो ह्यांनी पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांपैकी काहींना पाच वर्षांत २४ छोटी पत्रे पाठवली. पत्रात उपदेश नाही, मागणी नाही, केवळ ‘तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे’ अशा अर्थाचा मजकूर. पत्रे मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या. २४ पत्रांचा खर्च तो काय!

घरात काळजी घेण्याची एक गोष्ट ह्याच्या जोडीला सांगितली पाहिजे. तो टोकाचा क्षण बहुधा थोडाच वेळ टिकतो. ऐनवेळी रोखल्या गेलेल्या ५१५ जणांचा अमेरिकेत अनेक वर्षे माग घेतला गेला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ९० टक्क्यांहून अधिक लोक नंतर जिवंत होते किंवा नैसर्गिक मरणाने गेले होते. ‘आज अडवले तर उद्या करीलच’ हे खरे नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ ते २०१५ ह्या काळात तेथील आत्महत्यांचे प्रमाण ७० टक्क्यांनी खाली आले. त्यामुळे सुमारे ९३,००० जीव वाचले असा अंदाज आहे. आपल्या वाडीतील औषधे आणि आजोबांच्या गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा आणि किल्ली एकाकडे असावी. घरात कुणी खचलेले असेल तर हे आजच करावे. ह्याहून अधिक तपशील मी मुद्दाम देत नाही. कुणी कसा जीव दिला ह्याची वर्णने वाचून दुसऱ्या खचलेल्या माणसाला धोका होतो, हे वर्तमानपत्रांना सांगितले जाते. पण आपल्या व्हॉट्सअॅप गटांचे काय? अंत्यविधीआधीच फोटो आणि ‘कसे झाले’ ह्याची कथा पन्नास घरांत पोहोचलेली असते. ती कथा कृपया पुढे पाठवू नका.

पोलिसांची भीती असेल तर तीही कमी करावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. म्हणून रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये आणि खोटे कारणही सांगू नये.

बायबलमधील एक प्रसंग ह्या संदर्भात पुन्हा वाचावा : राजांच्या पहिल्या ग्रंथाचा १९ वा अध्याय. मोठे कार्य करून आलेला एलिया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागावत नाही, त्याची श्रद्धा कमी पडली असेही म्हणत नाही. तो त्याला झोपू देतो. मग देवदूत त्याला स्पर्श करतो, भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायला देतो, कारण वाट लांबची आहे. कामगिरीची गोष्ट त्यानंतर निघते. चेन्नईतील ते स्वयंसेवक नऊ वेळा गेले, देवदूत दोनदा आला. एका भेटीत काम झाले नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

लॉकडाऊनमध्ये आपल्या युवकांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून त्यांना फोन करण्याचा क्रम ठेवला होता. पहिल्या दिवशी एका मावशीने विचारले होते, “काय पाहिजे तुला?” काही नको, सहजच फोन केला, असे मुलाने सांगितल्यावर मावशी पाऊण तास बोलल्या. ती यादी २०२२ मध्ये बंद पडली. त्यातील काही नावांपुढे आता क्रूस आहे, आणि काही नवी नावे घालावी लागतील : गेल्या दोन वर्षांत जोडीदार गमावलेले, नोकरी गेलेले, परीक्षेत मागे पडलेले, परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील. ज्यांच्या घरी असे मरण झाले आहे ती कुटुंबे तर पहिली असावीत, कारण त्यांच्याकडे जाणे आपण सगळ्यांत आधी थांबवतो.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ती यादी नव्याने करण्यासाठी हॉलमध्ये बसणार आहोत. आठवड्यातून दोन फोन करू शकेल अशा कुणीही यावे. शिक्षणाची अट नाही. चहा असेल. आणि रविवारपर्यंत थांबता येणार नाही अशी कुणाची अवस्था असेल, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. जीव धोक्यात आहे असे वाटल्यास त्या माणसाला एकटे सोडू नका, ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात घेऊन जा. धर्मगुरूंच्या निवासाचे दार रात्रीही वाजवावे, असे फादरांनी मला येथे मुद्दाम लिहायला सांगितले आहे.